ट्रस्टच्या रुग्णालयात बिल खरंच कमी होतं का? कोणाला भेटायचं?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं ऑपरेशन ज्या रुग्णालयात ठरलंय तिथे बाहेर ‘धर्मादाय’ अशी पाटी आहे आणि आत साडेतीन लाखांचं एस्टिमेट हातात दिलं, तर यातलं खरं काय?

दोन्ही खरं आहे. धर्मादाय म्हणजे फुकट नव्हे. नफा कुणा मालकाच्या खिशात जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. पगार, यंत्रं, वीज हा सगळा खर्च पेशंटांच्या बिलांतूनच निघतो. पण महाराष्ट्रात अशा रुग्णालयांवर कायद्याने काही देणं लागतं, आणि ते सहसा कुणी आपणहून सांगत नाही. मी अशाच एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात दहा-बारा वर्षं काढली, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने सांगतो.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये ४१कक नावाचं कलम आहे. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. म्हणजे २०० खाटांचं रुग्णालय असेल तर २० आणि २०. सगळे खाटांचंच विचारतात, पण खरी मेख निधीत आहे. रुग्णालयाने सगळ्या पेशंटांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी काढायची असते. आमच्याकडे त्याला सगळे आयपीएफच (इंडिजंट पेशंट्स फंड) म्हणायचे. तुमच्या वडिलांचं बिल कमी होणार ते या खात्यातून. खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे या रुग्णांना लावायचेच नसतात. उरलेलं बिल सर्वात खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधं, इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावून निर्धनांसाठी निधीतून वळतं करायचं.

उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला वर्षाला २५,००० आणि ५०,००० होती. वाढत वाढत ती निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० पर्यंत आली. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड, हे दोन कागद आधी तयार ठेवा. दाखला चालू वर्षाचा हवा. जुन्या दाखल्यावर फाईल अडते, आणि माणूस आयसीयूत असताना तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहणं काय असतं ते मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलंय.

आता महत्त्वाचं. बहुतेक नातेवाईक आमच्याकडे यायचे ते डिस्चार्जच्या दिवशी. एक काका अजून आठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, त्यातच घडी पडून दोन तुकडे झालेलं केशरी रेशनकार्ड. बिलाच्या खिडकीवर कुणीतरी “समाजसेवेत जा” म्हणालं म्हणून आलेले. कार्ड बरोबर होतं, उत्पन्नही बसत होतं. पण पहिल्या रात्री जनरल वॉर्ड भरलेला होता म्हणून पेशंटला ट्विन शेअरिंगमध्ये, म्हणजे दोन खाटांच्या महागड्या खोलीत टाकलेलं, आणि तिथेच नऊ दिवस गेले. त्या वर्गाच्या बिलाला योजना लावायची कशी, यावर बिलिंगवाल्यांशी माझा दोन तास वाद झाला. थोडंफार कमी झालं. पहिल्या दिवशी आले असते तर बिलाचा प्रश्नच उरला नसता.

म्हणून दाखल होण्याआधी, ओपीडीतूनच थेट वैद्यकीय समाजसेवकाकडे जा आणि लेखी अर्ज द्या. पोच घ्या. “खाट शिल्लक नाही” किंवा “फंड मायनसमध्ये आहे” ही दोन वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळतीलच. कधी ती खरी असतात. मग तेवढंच अर्जावर लिहून मागा. तोंडी नकार पटकन निघतो, लेखी द्यायचा म्हटलं की खाटा पुन्हा मोजल्या जातात. तरीही अडलं तर ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते. आमदारांचं पत्र आणणारेही खूप असत. पत्राने फाईल वर यायची, पण दाखला त्यांच्याकडूनही मागावाच लागायचा.

इमर्जन्सीची गोष्ट वेगळी. तेव्हा आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि डिपॉझिट मागायचं नाही, असं योजनेतच आहे. कागदपत्रं नंतर.

तुमचं ऑपरेशन ठरवून आहे, म्हणजे हातात वेळ आहे. त्याच फेरीत राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची खिडकीही गाठा. रुग्णालय त्या योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसलेला असतो. वडिलांचं ऑपरेशन यादीत बसतं का ते तो पाहून सांगेल. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यामुळे बसलं तर तोच रस्ता सोपा.

आणि ते साडेतीन लाखांचं एस्टिमेट परत एकदा नीट वाचा. त्यावर खोलीचा वर्ग लिहिलेला असतो. ‘जनरल’ सोडून दुसरं काही असेल तर जनरलचं नवीन एस्टिमेट मागा आणि मगच समाजसेवकाकडे जा.