टेबलवर मला उचलणार कोण?

"तारीख ठरेपर्यंत मी अगदी ठाम होते. आता रात्र रात्र झोप लागत नाही. ऐन सकाळी पाय मागे आले तर? म्हणजे माझा निर्णयच चुकला का?"

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसणारी माणसं कधी ना कधी हे विचारतातच. कुणी पहिल्या भेटीत विचारतं, कुणी उठून दारापर्यंत गेल्यावर मागे वळून. हा प्रश्न आला की मला एका ताईंची ती सकाळ आठवते. त्यांच्या परवानगीनंच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पुण्यात पेठेत पोळी-भाजी केंद्र चालवतात. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, वजन ११८ किलो. आठ वर्षांचा मधुमेह, गुडघे दुखायचे, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन. तीनदा डाएट करून बारा-पंधरा किलो उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आलं होतं. घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "कमी खा, चाल जरा, त्यासाठी पोट कशाला कापायचं?" हे वाक्य मला फार लागतं, म्हणून जरा थांबून सांगते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं. डाएटनं वजन उतरलं की ते वाढतं आणि वर्ष उलटल्यावरही चढंच राहतं, हे २०११ साली मेलबर्नमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे माणूस नेट लावत असतो आणि त्याचंच शरीर त्याला मागे ओढत असतं. ताईंची ठरली होती त्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढतात. घ्रेलिन जास्त करून तयार होतं तो भागही त्यातच जातो. याला पळवाट म्हणणाऱ्यांनी ताईंचे आधीचे पंधरा दिवस बघायला हवे होते. यकृत आक्रसावं, शस्त्रक्रियेला जागा मोकळी मिळावी म्हणून तेवढे दिवस फक्त पातळ आहार असतो. ताई स्वतः प्रोटीनचं पेय, ताक आणि सार यांवर होत्या आणि रोज तीनशे पोळ्या लाटून दुसऱ्यांचे डबे भरत होत्या.

अशी बाई डगमगणार नाही, असं मी धरून चालले होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसहाला वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "मॅडम, ताई नाही म्हणतायत. घरी जायचं म्हणतायत."

मी पोचले तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. दवाखान्याचा गाऊन पाठीमागे जुळत नव्हता, म्हणून त्यांनी घरची शाल घट्ट लपेटून घेतली होती. शस्त्रक्रियेत कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेनं कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण वापरतात, त्यामुळे अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र मिस्टरांच्या शर्टाच्या खिशात गेलं होतं आणि ते खिशावर हात ठेवून खिडकीपाशी उभे होते. डाव्या पायाचं जोडवं सुजेमुळे निघत नव्हतं. एक तरुण सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिनं ताईंचं बोट दोऱ्यानं गुंडाळलं, दोऱ्याचं टोक जोडव्याखालून घेतलं आणि एकेक वेढा सोडवत जोडवं पुढे सरकवत होती. "दुखलं तर सांगा हं काकू," ती मधूनमधून म्हणत होती. ताईंचं तिकडे लक्षही नव्हतं.

"घाबरू नका" हे मी कुणाला म्हणत नाही. त्यानं भीती जात नाही, नुसती गप्प होते. मरणाच्या भीतीबद्दल आमचं आधी सविस्तर बोलणं झालं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू हजारात तीन होते, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या तब्येतीचा धोका भूलतज्ज्ञांनी वेगळा समजावला होता. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं होतं. मग आज काय झालं?

मी शेजारी बसले आणि विचारलं, "ताई, डोळे मिटले की पहिलं काय दिसतं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "स्ट्रेचर."

सोळा वर्षांपूर्वी त्यांचं सिझेरियन झालं होतं. भूल पाठीत दिलेली होती. कमरेखाली बधिर, पण कान जागे. टेबलवरून स्ट्रेचरवर घेताना कुणीतरी म्हणालं, "अजून दोघं बोलवा रे, कंबर जाईल आपली." आणि सगळे हसले. "पोर बाजूला रडत होती मॅडम, आणि मी लाजेनं रडत होते. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय." त्यांनी शाल आणखी घट्ट ओढली. "आज तर पूर्ण भूल. काय बोलतील ते मला कळणारसुद्धा नाही. मला उचलणार कोण?"

तीन भेटी झाल्या होत्या आमच्या. ताण आला की काय खाता, घरी मदत कोण करेल, अपेक्षा काय आहेत, सगळं मी विचारलं होतं. याआधी ऑपरेशन झालंय का, हेही विचारलं होतं आणि कागदावर 'सिझेरियन, १' असं लिहून पुढे गेले होते. तिथं थांबायला हवं होतं. तेव्हापासून मी थांबते.

मी दोन गोष्टी केल्या. आधी त्यांना सांगितलं की आज नाही म्हणालात तरी चालेल, सर्जनना मी सांगेन, तारीख पुन्हा मिळते. हे मनापासून सांगावं लागतं. परतीची वाट उघडी दिसली तरच माणूस खरा होकार देऊ शकतो. मग ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरना खाली बोलावलं आणि ताईंचा प्रश्न ताईंनाच विचारायला लावला.

सिस्टरनी कसलाही धीरबीर दिला नाही, सरळ क्रम सांगितला. "तुम्हाला कुणी उचलणार नाही. तुम्ही स्वतः चालत आत याल, पायरीवर पाय ठेवून टेबलवर बसाल आणि आडव्या व्हाल. टेबल दांडगं आहे, मोठ्या वजनासाठीच घेतलेलं. डोक्याखाली, खांद्यांखाली उशांचा उतार असेल. नाका-तोंडावर मास्क ठेवून काही मिनिटं ऑक्सिजन देतील. घुसमटल्यासारखं वाटलं तर हात हलवा, पण तो लागतोच. नंतर तुमच्याखाली सरकती शीट घालतात आणि त्यावरून पलंगावर घेतात. मी पायाशी उभी असेन. माझ्या थिएटरमध्ये पेशंटच्या शरीरावरून कुणी बोलत नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढला होता.

ताईंनी दहा मिनिटं मागितली. मुलीला आत बोलावलं, तिच्याशी काहीतरी पोळ्यांच्या हिशेबाचं बोलल्या. तोवर जोडवं निघालं होतं. मग पायांत घट्ट मोजे चढवले, उठल्या आणि निघाल्या. भीती गेली होती का? नाही. लिफ्टपाशी त्यांनी माझा हात धरला तेव्हा तळवा गारठलेला होता. भीतीसकट त्या चालत गेल्या.

पोटाला पाच छोटी छिद्रं, साधारण दीड तास. संध्याकाळी भेटायला गेले तर जीभ कोरडी पडलेली, मळमळ होत होती आणि तक्रार भलतीच, "पोट बरंय, पण खांदा का दुखतोय?" दुर्बिणीनं काम करायला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं श्वासपटल डिवचलं जातं आणि कळ खांद्यात जाणवते. हे आधी सांगितलेलं नसलं की लोकांना हृदयाचंच काहीतरी झालंय असं वाटतं. दुखण्याबद्दल सिस्टरना सांगायचंच, पण या कळीला चालण्यानं आराम पडतो आणि पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही त्याच दिवशी चालवतात. सलाइनचा स्टँड ढकलत ताईंनी कॉरिडॉरची एक फेरी मारली. मग तीस मिलिलिटरच्या औषधाच्या कपातून पाण्याचा घोट, तोही थोडा थोडा.

इन्चार्ज सिस्टर ड्युटी संपवून घरी जाताना वॉर्डात डोकावल्या. ताईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुणी काही बोललं?"

"चौघं होतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "एक-दोन-तीन म्हणून शीट सरकवली. तेवढंच बोललो."

ताईंनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी बाहेर आले.

दुसऱ्या रात्री त्यांनी मिस्टरांना "हे काय करून बसले मी" असं दोनदा म्हटलं. हेही पुष्कळांना होतं. पोट दुखत असतं, खाणं बंद झालेलं असतं आणि वजन अजून उतरलेलं नसतं, तेव्हा पश्चात्ताप वाटणारच. त्यांचा तो दोन-तीन दिवसांत ओसरला. आठवड्याच्या वर रेंगाळला, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता आम्हाला लगेच कळवायचं.

ऐन सकाळी पाय मागे येतात, त्याला प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. एका गृहस्थांना कवळी काढून मुलासमोर बसायची लाज होती. एका मुलीला गाऊन अपुरा पडेल याची धास्ती होती. आम्ही आदल्या दिवशीच मोठा गाऊन आणून ठेवला आणि ती शांत झोपली. तुमचं काय आहे ते आधी सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. समुपदेशकाला सांगा, सिस्टरना सांगा, भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा त्यांना सांगा. बोलायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. सगळं सांगून झाल्यावरही नकोच वाटलं, तर नाही म्हणा. तुमचा तो हक्क आहे.

ताई तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा वजन ९७ होतं. मधुमेहाची एक गोळी बंद झाली होती. त्यांना बोलायचं होतं ते वेगळंच. आमटीचं मीठ त्या आयुष्यभर तळहातावर थेंब घेऊन बघत आल्या होत्या. सुरुवातीला खाणं बंद होतं तेव्हा ते काम मुलीकडे गेलं आणि पहिले चार दिवस गिऱ्हाइकांनी खारट आमटी मुकाट्यानं खाल्ली. "आता जमतंय तिला," ताई म्हणाल्या. "मला चव घेता येते आता, पण तिच्याकडेच ठेवलंय ते काम."