मुलीला फुटी खेळू द्यावी का, आणि या लीगला भविष्य आहे का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी अकरा वर्षांची, पुण्याहून मेलबर्नला येऊन फार दिवस झाले नाहीत, शाळेतल्या मैत्रिणींचं बघून तिला फुटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळायचीय, आणि तुम्हाला वाटतंय की महिलांची लीग (एएफएलडब्ल्यू) तोट्यात आहे, टीव्हीवर मैदानं रिकामी दिसतात, उद्या बंद पडली तर पोरीने त्यात वर्षं कशाला घालवायची. वर दोघातिघांनी "सरळ क्रिकेटला घाला" म्हणून लिहिलंय, ते साहजिकच आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलल्यापासून आमच्या मंडळातही ज्याला त्याला मुलीच्या हातात बॅट द्यायचीय. माझी मुलगी इथे मेलबर्नच्या वेस्टमध्येच फुटी खेळत मोठी झाली, मी क्लबात कँटीनपासून टीम मॅनेजरपर्यंत सगळं केलंय, त्यामुळे जरा लांबण लागली तरी लिहिते.

लीग बंद पडेल ही भीती आधी डोक्यातून काढा. एएफएलचा, म्हणजे फुटीची मुख्य लीग चालवणाऱ्या संस्थेचा, सेव्हन आणि फॉक्सटेल या टीव्ही कंपन्यांशी साडेचार अब्ज डॉलरचा करार आहे, २०२५ ते २०३१, आणि महिलांच्या मॅचेस त्यातच येतात. पुरुषांचे जे १८ क्लब आहेत त्या सगळ्यांची महिलांची टीम आहे, टास्मानियाचा नवा क्लब २०२८ ला यायचाय तोही दोन्ही टीम घेऊन येणार. २०२३ ला पहिल्यांदाच पुरुष आणि महिला खेळाडूंचा पगाराचा करार एकत्र झाला, तो २०२७ पर्यंतचा. हे सगळं गुंडाळायचं म्हणजे राजकीय आत्महत्या आहे, कुठलाही क्लब "आमच्या मुलींची टीम नको" असं उघडपणे म्हणून दाखवू दे, पुढच्या हंगामाच्या मेंबरशिपला काय होतं ते बघा. तोटा आहे, नाही असं नाही, पण तो तोटा कोण भरतंय आणि किती दिवस भरणार हे ठरलेलं आहे.

खरा प्रश्न लीग टिकेल का हा नाहीच. ती वाढणार की आहे तिथेच बोन्सायसारखी ठेवली जाणार, हा आहे. आणि इथे माझं मत एएफएलच्या फार बाजूने नाही.

रिकाम्या मैदानांचं बघू. ३ फेब्रुवारी २०१७, शुक्रवारची रात्र, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, महिलांच्या लीगची पहिलीवहिली मॅच, मेलबर्नचं आयकॉन पार्क मैदान. प्रवेश फुकट होता हे खरं, पण साडेचोवीस हजार लोक आत गेल्यावर गेट बंद करावं लागलं आणि बाहेर राहिलेल्यांची एएफएलच्या सीईओने स्वतः जाऊन माफी मागितली. कार्लटनच्या डार्सी वेस्चियोने त्या रात्री चार गोल मारले, कार्लटनने ४६-११ ने मॅच मारली. दोनच वर्षांनी २०१९ ची फायनल ॲडलेड ओव्हलवर झाली, ५३,०३४ माणसं. लक्षात घ्या, ही तिसऱ्या वर्षाची गोष्ट आहे. आणि आता फायनल कुठे असते, तर परत आयकॉन पार्कलाच, नूतनीकरणानंतर ते बारा-साडेबारा हजारात भरतं. नेहमीच्या मॅचची सरासरी तीन हजारांच्याही आत. मग लोक म्हणतात बघा, उत्साह ओसरला.

ओसरला की ओसरवला? सातव्या हंगामापर्यंत ८ टीमच्या १८ केल्या, २०१९ ला दोन, २०२० ला चार, २०२२ ला उरलेल्या चार. हंगाम आधी फेब्रुवारीच्या भाजणाऱ्या उन्हात होता, मग २०२२ मध्ये उचलून ऑगस्ट-नोव्हेंबरला नेला, म्हणजे एका वर्षात दोन हंगाम झाले. या नव्या वेळेत सप्टेंबरला पुरुषांच्या फायनल्स (शेवटच्या बाद फेऱ्या) येतात, तेव्हा अख्ख्या मेलबर्नला दुसरं काही दिसत नाही. त्यानंतर घोड्यांच्या शर्यती आणि मग क्रिकेट. २०२४ ला तर ११ मॅचेस १० आठवड्यांत कोंबल्या, त्यासाठी आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी मॅच. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता कोण जाणार हो, ज्या मुलींना आणि आईबापांना बघायचंय ते तेव्हा शाळेतून, ऑफिसमधून घरी येत असतात. उलट २०२२ ला एसेंडन-हॉथॉर्नची पहिली मॅच छोट्या मैदानावर ठेवली होती, मागणी एवढी आली की ती मार्व्हल स्टेडियमला हलवावी लागली आणि बारा हजार लोक आले. म्हणजे दिलं तर लोक येतात.

आता यातली गोम ऐका. खेळाडूंच्या त्या पगाराच्या करारात लिहिलंय की मॅचेसची संख्या वाढत जाईल, २०२३ ला १०, मग ११, २०२५ ला १२, पण त्यापुढे १४ पर्यंत जायचं तर सरासरी ६ हजार प्रेक्षक आणि टीव्हीवर मॅचमागे १ लाख दर्शक पाहिजेत. वेळापत्रक बनवणारे तेच, मैदान ठरवणारे तेच, आणि गर्दी जमली नाही तर वाढ नाही म्हणणारेही तेच! पुरुषांच्या लीगला सव्वाशे वर्षांच्या इतिहासात अशी अट कोणी घातली होती? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

दुसरा मुद्दा, वर एकाने लिहिलंय तो, "बायकांची फुटी संथ असते, स्कोअरच होत नाही, बघवत नाही". सुरुवातीच्या वर्षांत स्कोअर कमी होते, मान्य. पण का होते हे कोणी विचारत नाही. इथे मुलींना मुलांबरोबर फक्त ठरावीक वयापर्यंत खेळता यायचं, पुढे मुलींसाठी टीमच नसायची. २००३ मध्ये पेनी क्यूला-रीड आणि आणखी दोन मुली हे घेऊन व्हिक्टोरियाच्या ट्रिब्युनलमध्ये गेल्या, त्या वादातून पुढच्या वर्षी मुलींची वेगळी स्पर्धा सुरू झाली. त्याच पेनीने पुढे कॉलिंगवूडकडून लीग खेळली. एरिन फिलिप्सचं बघा, वडील पोर्ट ॲडलेडचे नावाजलेले खेळाडू, ही लहानपणी मुलांमध्ये खेळायची, तेराव्या वर्षी थांबावं लागलं म्हणून बास्केटबॉलला गेली, अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही महिलांची बास्केटबॉल लीग खेळली, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं, आणि तिशी उलटल्यावर परत फुटीत येऊन पहिल्याच हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. ॲडलेडकडून तीन प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं. ही झाली अपवाद. बाकीच्या शेकडो जणींनी चौदा ते अठरा ही वर्षं, जेव्हा किकचा पाय बसतो, अंगावर येणारा खेळाडू न घाबरता वाचायला शिकतो, ती वर्षं फुटीशिवाय काढली होती. नर्स, पोलीस, शिक्षिका, दिवसा नोकरी आणि रात्री सराव. मेलबर्नची कॅप्टन डेझी पिअर्स मिडवाइफ होती, २०१९ ला जुळ्यांसाठी हंगाम सोडला, परत आली, २०२२ ला प्रीमियरशिप उचलून निवृत्त झाली आणि आता वेस्ट कोस्टची कोच आहे.

आता ज्या अठराच्या पोरी ड्राफ्टमधून (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून) येतायत त्या लहानपणापासून न थांबता खेळलेल्या आहेत, आणि फरक डोळ्यांना दिसतो. सिडनीची टीम २०२२ ला पहिल्या हंगामात एकही मॅच जिंकली नाही, पुढच्याच वर्षी फायनल्समध्ये. हॉथॉर्न २०२४ ला टेबलवर दुसरी. नॉर्थ मेलबर्नने २०२४ आणि २०२५ लागोपाठ दोन वर्षं न हरता प्रीमियरशिप घेतली, दोन्ही वेळा फायनलला ब्रिस्बेनला हरवून. आता कोणी म्हणेल एकच टीम सगळं जिंकते ही काय स्पर्धा. बरोबर आहे, ८ च्या १८ घाईने केल्या त्याचीच ही किंमत, गुणी मुली तेवढ्याच आणि वाटे जास्त. आयर्लंडहून गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या मुली आणतात त्या यामुळेच, २०१८ ला कोरा स्टॉन्टन आली ती पहिली, आता बऱ्याच टीममध्ये आयरिश मुली दिसतील. पण हे अंतर वरून पैसे ओतून मिटणार नाही. ते तुमच्या मुलीच्या वयाच्या पोरींनी मिटणार आहे, अंडर १२, अंडर १४ मध्ये आज किती जणी टिकतात त्यावर. म्हणून मला टीव्हीचे आकडे बघण्यापेक्षा आमच्या क्लबात अंडर १६ ची टीम भरते का नाही हे बघणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुली सोडतात, परीक्षा, पार्ट टाइम नोकरी, आणि कधीकधी नुसती चेंजिंग रूम नीट नाही म्हणून. हसू नका. जुन्या मैदानांवर एकच खोली, भिंतीला ओळीने मुताऱ्या, शॉवरला दार नाही, मुली गाडीत कपडे बदलायच्या. सरकारने यासाठी पैसे द्यायला सुरुवात केल्यापासून बरंच सुधारलंय पण सगळीकडे नाही. क्लब निवडायला जाल तेव्हा मैदानाआधी ही खोली बघा.

पैशाचं विचारलंय. २०१७ ला साध्या खेळाडूला हंगामाचे साडेआठ हजार डॉलर, मोठ्या नावांना २७ हजार. २०२२ च्या दुसऱ्या हंगामात कमीत कमी ३९ हजार झाले. २०२७ पर्यंत सरासरी ८२ हजारांपर्यंत जायचीय. पुरुषांची सरासरी तेव्हा ५ लाखांच्या वर असेल. म्हणजे घर चालेल, पण करिअर म्हणून यावरच अवलंबून राहावं असं मी कुणाला सांगणार नाही, सोबत शिक्षण पाहिजेच. आणि खरं सांगू का, अकरा वर्षांच्या मुलीचा पगार आत्ता मोजायला बसू नका.

मोजायचंच असेल तर गुडघा मोजा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. एरिन फिलिप्सचा गुडघा त्या ५३ हजारांच्या फायनलमध्येच गेला, स्ट्रेचरवरून बाहेर जाताना सगळं मैदान उभं होतं. शरीररचना हे एक कारण सांगतात, पण उशिरा सुरुवात आणि उडी मारून उतरायचं, वळायचं, पडायचं कसं हे कोणी शिकवलेलं नसणं हेही तितकंच मोठं कारण आहे. प्रेप-टू-प्ले नावाचा वॉर्म-अप आणि टॅकल शिकवण्याचा कार्यक्रम मुलींसाठीच बनवलाय, तुमच्या क्लबचा कोच तो करून घेतो का हे पहिल्याच दिवशी विचारा, "तो कुठला?" असं उत्तर आलं तर दुसरा क्लब बघा. डोक्याचंही तसंच. हेदर अँडरसन ही २०१७ च्या ॲडलेड टीममधली मुलगी, २०२२ ला अवघ्या २८ व्या वर्षी गेली, नंतर तपासणीत तिच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला, व्यावसायिक महिला खेळाडूंमध्ये ही जगातली पहिली नोंद. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण लपवून पण ठेवणार नाही. डोक्याला मार लागला की कम्युनिटी फुटीत किमान २१ दिवस मॅच नाही, आणि मुलगी कितीही रडली, फायनल असली तरी तुम्ही यात सूट मागू नका. आमच्यात आईबापच "काही नाही झालंय तिला" म्हणत कोचच्या मागे लागलेले मी पाहिलेत.

एकीने विचारलंय की मुलींना ट्रोल करतात म्हणे. करतात. २०१९ ला कार्लटनच्या टेला हॅरिसचा किक मारतानाचा फोटो, पाय पार डोक्याच्या वर गेलेला, चॅनल सेव्हनने टाकला, खाली इतकी घाण आली की कमेंट करणाऱ्यांना हाकलायचं सोडून त्यांनी फोटोच काढून टाकला. मग लोक उखडले, फोटो परत लावला, माफी मागितली, आणि त्याच वर्षी त्या किकचा पुतळा फेडरेशन स्क्वेअरला उभा राहिला. दोन्ही गोष्टी याच शहरात, सहा महिन्यांच्या आत.

बरं, आता खेळाचं. आपल्या मुलींना पहिल्यांदा भीती वाटते ती टॅकलची. ज्या आईने शाळेत कबड्डी खेळलीय तिला सांगायला नको, पकड कमरेला, खांदा आधी, डोकं बाजूला, इथेही तेच. आमच्या अंडर १२ मध्ये एक शांत, चष्म्याची मुलगी आली होती, पहिले दोन-तीन रविवार बॉल तिच्याकडे आला की ती तो लगेच कुणालातरी देऊन मोकळी व्हायची. जूनचा पाऊस, चिखल, बॉल साबणासारखा निसटतोय, एका उंच मुलीने बॉल घेऊन तिच्या अंगावरून पळायचा प्रयत्न केला आणि हिने काय केलं कोणास ठाऊक, दोन्ही हातांनी तिची जर्सी घट्ट धरली ती सोडलीच नाही, दोघी आडव्या, शिट्टी, फ्री किक आपल्याला. उठली तेव्हा दातातल्या माउथगार्डसकट हसत होती. ब्रेकमध्ये संत्र्याच्या फोडी खाताना सगळ्यांना तेच तेच सांगत होती. तिचे बाबा बाउंड्रीवर छत्री घेऊन उभे, त्यांना अजून कळलं नव्हतं की आपण जिंकतोय का हरतोय. (गोलला सहा, चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक, एवढं कळलं तरी पहिलं वर्ष निघतं.)

क्रिकेट की फुटी हा वाद तुम्ही घालतच नाही आहात असं समजा, फुटी हिवाळ्यात, क्रिकेट उन्हाळ्यात, इथल्या निम्म्या मुली दोन्ही खेळतात. सोळाव्या वर्षापर्यंत कुणी निवड करायला सांगत नाही. तिथून पुढे चांगली निघाली तर आपल्या भागातली वेस्टर्न जेट्सची मुलींची टीम, मग अठराव्या वर्षी ड्राफ्ट, नाही निघाली तर स्थानिक सीनियर टीम आहेच, तिथे चाळिशीतल्या बायका पण खेळतात.

लोकल हंगाम एप्रिलला सुरू होतो, नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑनलाइन. मिक्स टीम नको, मुलींच्याच टीममध्ये घाला, निदान पहिलं वर्ष. बूट नवे घेऊ नका, प्रत्येक क्लबात जुन्या बुटांचं खोकं असतं, त्यातच मापाचे मिळतात. माउथगार्ड मात्र स्वतःचा. आणि त्याआधी, ऑगस्टमध्ये लीग सुरू झाली की एखाद्या शनिवारी तिला व्हिटन ओव्हलला, वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबच्या मैदानावर, घेऊन जा, वेस्ट फुट्सक्रे स्टेशनला उतरलात की जवळच, मुलांना तिकीट लागत नाही. कठड्याजवळची जागा धरा, मॅच संपल्यावर खेळाडू सह्या द्यायला तिथेच येतात. जाड जॅकेट न्या, तिथला वारा भयंकर असतो.