आधी सासूबाईंचं कपाट उघड

निखिल, तुझे प्रश्न दोन. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीत आलं की तीन वर्षांत पासपोर्ट मिळतो असं व्हिडिओत सांगतात, ते खरं का? आणि जाता जाता लिहिलेलं दुसरं: तुझ्या बायकोची, सायलीची, आजी जर्मन होती, 1958 मध्ये लग्न करून पुण्यात आली, तिचा काही उपयोग होईल का? दुसरा प्रश्न तू उगाच शेवटी ठेवलास. सगळी गंमत त्यातच आहे.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. नाही. 27 जून 2024 पासून आठ वर्षांची अट पाचवर आली, आणि जर्मन फर्डं असेल, शिवाय नोकरीत किंवा समाजकार्यात विशेष चमक दाखवली असेल तर तीन वर्षांत नागरिकत्व, अशी एक खिडकी उघडली होती. ती ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस बंद झाली. व्हिडिओ करणाऱ्यांना ते अजून कळलेलं दिसत नाही. आता सरळ पाच वर्षं धर. त्यासोबत बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा, स्वतःच्या कमाईवर घर चालतंय याचा पुरावा, आणि 33 प्रश्नांची परीक्षा, ज्यात 17 बरोबर आले की पास. त्या परीक्षेची धास्ती घेऊ नकोस. प्रश्न आधीपासून जाहीर असतात, आपल्या दहावीच्या गाइडसारखे. अर्जाची फी 255 युरो. ब्लू कार्डवाल्याला बी-वन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. रोजच्या जगण्यात पासपोर्टपेक्षा तोच जास्त कामाला येतो, हे माझं मत.

पाच वर्षं भरली की दुसऱ्या दिवशी पासपोर्ट, असंही नाही. माझा अर्ज 19 महिने पडून होता. तीन महिन्यांत कार्यालय हललं नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. मी मागितली नाही, आपला स्वभाव. माझ्या ऑफिसातल्या एका तुर्की मैत्रिणीने मागितली आणि तिचं काम माझ्याआधी झालं.

आता आजी. 1974 संपेपर्यंत जर्मन कायदा असा होता की आईबाप विवाहित असतील तर नागरिकत्व बापाकडून मिळायचं. जर्मन आई आणि भारतीय बाप, तर मूल साधारणपणे भारतीयच. म्हणजे 1963 मध्ये पुण्यात जन्मलेल्या तुझ्या सासूबाईंना त्यांच्या आईचं नागरिकत्व मिळालं नाही, ते केवळ आई बाई होती म्हणून. हा अन्याय 20 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेल्या कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढला. 23 मे 1949 नंतर जन्मलेली अशी मुलं आणि त्यांचे वंशज फक्त जाहीरनामा, म्हणजे लेखी घोषणा, देऊन नागरिक होऊ शकतात. भाषेची परीक्षा नाही, जर्मनीत राहिलेलं असावं लागत नाही, फीसुद्धा नाही. मुदत मात्र 19 ऑगस्ट 2031 पर्यंतच. भारतात राहणाऱ्यांचे अर्ज कलोनच्या बुंडेसफरवाल्टुंग्सआम्टकडे, म्हणजे केंद्रीय प्रशासन कार्यालयाकडे, जातात. तिथेही वर्षावर वर्ष जातं, म्हणून निघायच्या गडबडीत हे मागे टाकू नकोस.

सगळं एका तारखेवर अडतं. सासूबाई जन्मल्या त्या दिवशी आजी जर्मन होती का? 1958 चं लग्न त्याला आड येत नाही, तोवर लग्नामुळे आपोआप नागरिकत्व जाणं थांबलेलं होतं. पण आजीने स्वतः अर्ज करून भारतीय नागरिकत्व घेतलं असेल तर जर्मन नागरिकत्व तेव्हाच गेलं. ते 1963 च्या आधी घेतलं तर विषय संपला, नंतर घेतलं तर चालतं. म्हणून कपाटात पहिल्यांदा तिचा जुना जर्मन पासपोर्ट शोध, नाहीतर परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे केलेल्या नोंदणीचे कागद, किंवा भारतीय नागरिकत्वाचा दाखला. तिचा जन्मदाखला हरवला असेल तरी घाबरू नका. जन्मगावच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात, जन्मनोंदी 110 वर्षं ठेवतात, पत्र पाठवलं की उतारा मिळतो.

जर्मन कागद जर्मन लोक सांभाळतात. खरा घोळ आपल्याकडच्या कागदांचा. माझ्या जन्मदाखल्यावर नाव नव्हतंच, नुसतं "स्त्री". सासूबाईंचं माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव, मधलं वडलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलेलं, आणि लग्नात तांदळात लिहून पहिलं नावही बदललं असेल तर विचारूच नकोस. ही चार नावांची बाई एकच आहे हे कलोनमधल्या माणसाला कागदावर पटवायचं आहे. शिवाय भारतीय अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही. शंका आली की दूतावासामार्फत पडताळणी करवतात, त्यात महिने जातात.

आणि आता ज्यावरून घरात बोलणं होईल ते. 2024 पासून जर्मनी दुसरं नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण भारत लावतो. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. जाहीरनामा देऊन घेतलं तरी ते स्वतःहूनच. मग भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढायचं. मतदान गेलं, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वाईची जमीन सासूबाईंच्या नावावर आहे म्हणालास. असलेली जमीन तेवढ्याने जात नाही, तरी सही करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा. मी माझा पासपोर्ट परत केला तेव्हा त्यावर "रद्द" असा शिक्का मारून परत दिला. तो अजून देवघराच्या खणात आहे, का ते मलाही सांगता येणार नाही.

बरं, सासूबाईंनी काहीच करायला हवं असं नाही. वंशज म्हणून सायली स्वतःचा अर्ज स्वतंत्रपणे करू शकते, आणि तुमच्या ओवीचाही, सायलीची मुलगी म्हणून, होतो. सायली जर्मन झाली तर तुझी ती तीन वर्षं कायद्यात खरोखर आहेत: जर्मन व्यक्तीच्या जोडीदाराला जर्मनीत तीन वर्षांचं वास्तव्य सहसा पुरतं, लग्नाला आणि तिच्या जर्मन असण्याला दोन वर्षं झालेली असली की. बी-वन आणि ती परीक्षा तुला चुकत नाही.

आजी ज्यू असती, किंवा 1933 ते 1945 मध्ये राजकीय कारणाने नागरिकत्व हिरावलं गेलं असतं, तर जर्मन संविधानाच्या कलम 116 चा वेगळा रस्ता होता. तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण सासूबाईंना एकदा विचार.

ब्लू कार्डाचं काम थांबवू नकोस, दोन्ही बरोबरीने चालू दे. आजीच्या पासपोर्टावरची शेवटची तारीख सापडली की मला कळव, पुढचा अर्ज कसा भरायचा ते बसून सांगते.