लॉबी नव्हे, टाचा बघ

पत्र

ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी ठाण्यात वन-बीएचकेमध्ये राहते, सासूबाई आमच्याजवळच असतात, माझी नोकरी आहे. भाऊ न्यू जर्सीत. शेवटी दोघांनी मिळून आईला पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. जागा देखणी आहे, लॉबीत कारंजं आहे, रोज व्हॉट्सअॅपवर आईचा फोटो येतो. पण मी गेले की आई रडते, निघताना माझा हात सोडत नाही. मागच्या रविवारी कपडे बदलताना तिच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मॅनेजर म्हणाले, "या वयात होतंच." भाऊ म्हणतो, "त्यांना गुगलवर ४.७ आहे. तुझं मन तुला खातंय म्हणून तुला खोट दिसते." खरंच तसं असेल का? आईला घरी आणू का?
– एक लेक, ठाणे

उत्तर

लेकी,

चट्ट्याबद्दल तुला मेलवर लगेच कळवलं होतंच. इथे पुन्हा लिहिते, कारण अशी पत्रं बऱ्याच जणांची येतात.

चट्ट्यावर बोट दाबून उचलायचं. जागा क्षणभर पांढरट पडून परत लाल झाली, तर कातडी अजून तग धरून आहे. दाबूनही रंग हलला नाही, तर तो बेडसोरचा पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे जांभळट-काळपट झाक दिसते, किंवा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम वा टणक लागते. तेल चोळू नकोस. जीव लावायची आपली ती पहिली रीत असली, तरी हाडावरच्या दुखावलेल्या कातडीला चोळल्याने आतली इजा वाढते. बसायला रबरी ट्यूबही नको, तिच्या कडांनी रक्त उलट अडतं. त्या जागेवरचा भार काढणं, हा खरा इलाज. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, डायपर ओलं झालं की बदलायचं. "एअर बेड दिलाय की" हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. एअर बेडवरच्या माणसाचीही कूस बदलावीच लागते.

आता मॅनेजरसाहेबांचं "या वयात होतंच". बेडसोर वयाने होत नाही. तो एकाच जागी पडणाऱ्या दाबाने होतो, ओलाव्याने होतो, पोटात पुरेसं न गेल्याने होतो. शेवटच्या आजारात, शरीरच मिटत आलेलं असताना, उत्तम काळजी घेऊनही कधीकधी कातडी फुटते, हे मला मान्य आहे. पण तुझी आई जेवते, खुर्चीत बसते, तुझा हात घट्ट धरते. तिच्या बाबतीत हे वाक्य लागू नाही. खरं सांगायचं तर मला चट्ट्यापेक्षा त्या वाक्याने जास्त अस्वस्थ केलं. चट्टा चांगल्या जागीही येऊ शकतो. मात्र चांगल्या जागेची सिस्टर तो तुला दिसायच्या आत फोन करते, "सकाळी स्पंज करताना लाली दिसली, आजपासून हे हे सुरू केलंय." तुला तो स्वतःच्या डोळ्यांनी शोधावा लागला, यातच काय ते आलं.

तेव्हा भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुझं मन तुला खात असेलही, पण चट्टाही खरा आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

रडण्याचं मात्र वेगळं आहे. झटक्यानंतर काहींचा भावनांवरचा ताबा सुटतो. माणूस ओळखीचा चेहरा दिसताच रडतो, कधी विनाकारण हसतो. शिवाय झटक्यातून वाचलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ते औषधाने बरंच आटोक्यात येतं. म्हणून रडण्यावरून सेंटरचा निकाल लावू नकोस, पण डॉक्टरांना ते जरूर सांग. वाचा गेली म्हणजे समज गेली असंही नव्हे. हो-नाहीचे प्रश्न विचार, एकेक. "हो असेल तर हात दाब." "रात्री कुणी उठवतं का?" "पाणी मागितलं की मिळतं का?" घाई करू नकोस, उत्तराला वेळ लागतो. तिच्यासमोर तिच्याबद्दल "ती" म्हणून बोलणाऱ्यांना टोक. त्यात तूही आलीस.

आता बघायचं काय. रविवारी दुपारी चारला जाऊ नकोस. ती त्यांची नटलेली वेळ. एकदा जेवणाच्या वेळी जा, एकदा रात्री आठच्या सुमारास, ड्युटी बदलते तेव्हा. न कळवता जा. त्यांनी अडवलं, "आधी फोन करत जा" असं सांगितलं, तर ते ध्यानात ठेव. आंघोळीच्या वेळी थांबवलं तर समजू शकते, दारातूनच परत पाठवलं तर नाही.

जेवताना आईचं डोकं उशीला टेकलेलं आहे का, की ती सरळ बसलीय? झटक्यानंतर गिळणं बिघडतं. आडवं करून भरवलेला घास श्वासनलिकेत जातो आणि मग न्यूमोनिया. चहा-पाण्यासारखं पातळ गिळायला तर सगळ्यात अवघड असतं. पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का, ते ऐक. येत असेल तर गिळण्याची तपासणी झालीय का, हे विचार. भरवणारी मावशी उभी राहून दोन बिछान्यांमध्ये आळीपाळीने चमचे सारतेय, की बसलीय? जेवण झाल्यावर आईला अर्धा तास तरी बसवून ठेवतात का?

मग पाण्याचा तांब्या बघ. कोणत्या बाजूला आहे? उजव्या बाजूच्या टेबलावर असेल तर तो तिच्यासाठी नाहीच. बेलचं बटणही तसंच. ज्या माणसाचा डावा हातच चालतो, त्याला डावीकडे पाणी ठेवायला पैसे लागत नाहीत, माणसं वाढवावी लागत नाहीत. कुणीतरी एकदा त्या पलंगाकडे बघून विचार केलेला असावा लागतो. मी नर्सिंगच्या नोकरीत असताना नव्या वॉर्डात गेले की पहिल्यांदा हेच बघायचे.

आणि तिला उठवतात कसं, ते बघ. लुळा हात धरून ओढत असतील तर तिथल्या तिथे थांबव. स्नायूंचा आधार गेलेला खांदा ओढल्याने सांध्यातून सरकतो, आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. बोलता न येणारी बाई ते सांगणार कशी? ती रडते, आणि फाइलमध्ये "चिडचिड" असं लिहिलं जातं. मग त्या चिडचिडीवर झोपेची गोळी. म्हणून दर खेपेला फाइलमधली औषधांची यादी मोबाइलवर टिपून घे. क्वेटियापिन किंवा लोराझेपामसारखं नाव नव्याने दिसलं, तर कुणी लिहिलं, कधी, कशासाठी आणि किती दिवस, हे विचार. युरीन बॅग अचानक लावलेली दिसली तरी तेच विचार. डायपर बदलायचा त्रास वाचतो म्हणून कॅथेटर घालणारी ठिकाणं आहेत, आणि त्याची किंमत लघवीच्या जंतुसंसर्गाने आईलाच मोजावी लागेल.

फाइल हातात आहे तोवर कूस बदलण्याचा तक्ता माग. तो ठेवतच नसतील तर उत्तर मिळालं. ठेवत असतील तर आठवडाभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने केल्यात का, बघ. दुपारी चारला गेलीस आणि संध्याकाळी सहाच्या चौकटीतही बरोबरची खूण दिसली, तर मग पुढे बोलायलाच नको. वजनही दर महिन्याला लिहिलेलं हवं. उभं राहता येत नाही ही सबब नाही. व्हीलचेअरसकट वजन करून खुर्चीचं वजा करता येतं. महिन्याभरात ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बाईचे अडीच किलो उतरले, तर डॉक्टरने कारण शोधायलाच हवं.

शरीर तर तू बघतेसच. टाचा, कुल्ह्यांची हाडं, कानाची मागची बाजू, नखं, तोंड. कवळी असेल तर काढून बघ. कवळीखाली दोन दिवसांपूर्वीचा भात सापडला, तर लॉबीतल्या कारंज्याचं काय करायचं?

एक गोष्ट मात्र आईच्या पलंगापासून दूर जाऊन बघ. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, अशी आजी-आजोबा तिथे असणारच. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बस. केस विंचरलेत का, डायपरचा वास येतोय का, मावशी त्यांना नावाने हाक मारते की "बारा नंबर" म्हणते? तुझ्या आईची काळजी थोडीफार तुझ्या भीतीने घेतली जाते. त्या माणसांची काळजी हीच त्या सेंटरची खरी पातळी.

मावशांशी वैर धरू नकोस. बहुतेक जणी १२-१२ तास उभ्या असतात, बदली बाई आली नाही तर पुढची पाळीही करतात. सहज विचार, "रात्री या मजल्यावर किती पेशंट आणि तुम्ही किती जणी? सिस्टर रात्री असते का? इथे कधीपासून आहात?" दर महिन्याला नवे चेहरे दिसत असतील, तर आईच्या सवयी कुणाला ठाऊक राहणार? पण गुपचूप शंभराची नोट सरकवायची पद्धत मला पटत नाही. त्याने तुझ्या आईचं पाणी डावीकडे येतं आणि शेजारणीचं तिथून उचललं जातं.

भावाला हेही सांग, की तो राहतो त्या देशात सरकार नर्सिंग होमना तारे देतं, २००८ सालापासून, आणि ते तपासणीचे अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या, रुग्णांची स्थिती असं बघून. त्या पद्धतीतही त्रुटी आहेत. पण आपल्याकडचे गुगलवरचे तारे बहुतेक पहिल्या आठवड्यात, दिलासा मिळालेल्या नातेवाइकांनी दिलेले असतात. त्याच्यावर रागावू नकोस. सेंटर वाईट निघालं तर निर्णय वाईट ठरतो, आणि सात-आठ हजार मैलांवरून ते पचवणं कठीण असतं. त्याला मत विचारू नकोस, काम दे. दर बुधवारी मॅनेजरला मेल त्याने पाठवायची: वजन किती, कूस बदलल्याचा तक्ता, चट्ट्याचा फोटो, औषधात बदल. परदेशातून लेखी विचारणा आली की उत्तरं जरा लवकर येतात, हा माझा अनुभव आहे. आवडो न आवडो.

मॅनेजरशी बोलताना "तुमचं लक्ष नाही" असं म्हणू नकोस. "चट्ट्यासाठी आजपासून काय करणार, कोण करणार, मला कधी कळवणार?" एवढंच विचार, आणि तेच मेलवर लिहून पाठव. दोन आठवडे दे. चट्टा फिका पडला, तक्ता खरा वाटला, फोन त्यांच्याकडून यायला लागला, तर आईला हलवू नकोस. झटक्यातून सावरणाऱ्या माणसाला जागा बदलणंही सोसावं लागतं. चट्ट्याची कातडी फुटली, पाणी आलं किंवा ताप आला, तर मात्र दोन आठवडे कसले, त्याच दिवशी डॉक्टर. तक्रार कुणीच ऐकेना, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

आणि घरी आणायचं? वन-बीएचकेमध्ये, सासूबाई असताना, तुझी नोकरी सांभाळून दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, रात्री दोनला आणि चारलाही? ब्युरोच्या दोन मावशा, हॉस्पिटल कॉट, फिजिओ, सुट्टीच्या दिवसाची बदली बाई, एवढं जुळत असेल तर आण. नुसतं मनाला टोचतंय म्हणून आणलंस, तर बेडसोर तुझ्या घरी होईल आणि तक्रार करायला मॅनेजरही नसेल. ठाण्याच्या जवळची, साधी, कारंजं नसलेली पण तुला आठवड्यातून दोनदा जाता येईल अशी जागा हा तिसरा पर्यायही आहे, आणि मी आधी तोच शोधेन. वारंवार जाणारं माणूस असणं, याने काळजीत जितका फरक पडतो तितका भरलेल्या डिपॉझिटने पडत नाही.

हलवायचं ठरलंच, तर नवी जागा पक्की होईपर्यंत इथे बोलू नकोस. निघताना औषधांची यादी, सगळे रिपोर्ट आणि डिपॉझिटचा हिशेब लेखी घे. आईच्या पाठीचे, कुल्ह्यांचे आणि टाचांचे फोटो त्याच दिवशीच्या तारखेसकट काढून ठेव. नव्या जागेच्या सिस्टरला पहिल्याच दिवशी अंगावरच्या सगळ्या खुणा फाइलमध्ये नोंदवायला लाव, आणि खाली तिची सही घे.

– ताई