कापलेल्या स्प्रिंगा, आरटीओची नोटीस आणि गॅरेजवाल्याची पावती

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहतो. माझ्याकडे 2011 साली नोंदलेली, पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट आहे. ती मी तीन वर्षांपूर्वी विकत घेतली आणि नोंदणी माझ्या नावावर झाली आहे. गाडी थोडी खाली बसावी अशी हौस होती, पण बजेट कमी होते. गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने ‘लोअरिंग स्प्रिंगचा सेट साडेनऊ हजारांत बसवून देतो, आरटीओचा काही प्रॉब्लेम येत नाही’ असे व्हॉट्सअॅपवर लिहिले. पैसे यूपीआयने दिले, पावती आहे. दोन महिन्यांपूर्वी महामार्गावर, गाडीत परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल, कलम 182-अ (4) खाली ई-चलन झाले. आता पंधरा वर्षांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी नेली, तर निरीक्षकांनी ती नापास केली. नव्या स्प्रिंगा बसवल्याच नव्हत्या, मूळच्याच कापून परत टाकल्या होत्या, हे तेव्हा कळले. आता कलम 53 खाली नोंदणी निलंबनाची नोटीस आली असून खुलाशासाठी पंधरा दिवस आहेत, आणि नोंदणीची मुदत पाच आठवड्यांत संपते. माझ्याजवळ वीस हजार रुपये आहेत. चलन भरावे की लढावे? एवढ्या पैशांत चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा बसवून आरटीओची मंजुरी मिळेल का? गॅरेजवाल्याकडून पैसे परत मिळतील का?

उत्तर : आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याआधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचल्यापासून ही गाडी रस्त्यावर चालवू नये. आपण पाठवलेल्या फोटोंत मागच्या उजव्या स्प्रिंगचे टोक स्पष्ट दिसते. ते गॅस कटरने कापलेले आहे, कापल्या जागी निळसर झाक आहे, आणि ते टोक खालच्या रबरी बैठकीत रुतून रबर चिरले गेले आहे. स्प्रिंग कापली की वेटोळी कमी होतात, त्यामुळे ती कडक होते आणि आखूडही होते. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबले की अशी आखूड स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटू शकते, आणि कटरच्या उष्णतेने त्या भागातील पोलादाचा मूळ गुण बिघडलेला असतो. कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी या स्थितीत घरच्या माणसांना त्या गाडीत बसवणे योग्य नाही.

आता कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे मालकाने वाहनात असा बदल करू नये, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील. याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, अशी व्याख्या दिलेली आहे. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील के. जयचंद्र यांच्या प्रकरणात, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ (4) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपल्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रात चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, सिलिंडरची क्षमता, आसनसंख्या, रंग, वजन असे तपशील असतात. जमिनीपासूनची उंची किंवा स्प्रिंगचा प्रकार तेथे लिहिलेला नसतो. म्हणून चांगल्या दर्जाची, योग्य मापाची स्प्रिंग बसवून गाडी थोडीशी खाली घेतली, तर प्रमाणपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही आणि वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्यही बदलत नाही, असे न्यायालयासमोर मांडता येते. मात्र हा युक्तिवाद मांडण्यासाठी स्वच्छ वस्तुस्थिती लागते. कापलेल्या स्प्रिंगा, चिरलेले रबर आणि निरीक्षकांचा नापासाचा शेरा हाती असताना तो मांडला, तर न्यायालय व्याख्येकडे पाहण्याआधी धोक्याकडे पाहील आणि आपला एक चांगला मुद्दा वाया जाईल. शिवाय कलम 53 खालची कारवाई केवळ ‘बदला’वर उभी नाही. वाहनाच्या वापराने लोकांना धोका आहे, किंवा ते अधिनियमाच्या व नियमांच्या अटी पूर्ण करत नाही, असे मानण्यास कारण असले, तरी नोंदणी निलंबित करता येते, आणि कापलेली स्प्रिंग त्यात निश्चित बसते.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आपले वीस हजार त्यावर अवलंबून आहेत. नव्या लोअरिंग स्प्रिंगा आता घेऊ नयेत. कलम 52 मध्ये मंजुरीची आणि सूट देण्याची तरतूद आहे, पण तिचा उपयोग सीएनजी किंवा एलपीजी किट, विजेवर रूपांतर, अपंग व्यक्तीसाठी केलेले फेरफार अशा कामांसाठी होतो. खासगी मोटार दिसायला खाली बसावी म्हणून अर्ज करून मंजुरी आणावी, असा मार्ग सामान्य मालकासाठी व्यवहारात नाही. असा मार्ग असावा, असे मला मनापासून वाटते. प्रमाणित सुटे भाग, ठरलेली मर्यादा आणि तपासणी असेल, तर हौशी मालकाला कापाकापी करणाऱ्या गॅरेजच्या दारात जावे लागणार नाही. पण आपली गाडी आज नापास झालेली आहे आणि मुदत पाच आठवड्यांची आहे, तेव्हा ही लढाई तिच्यावर लढू नये. झिजलेला भाग काढून उत्पादकाच्या मापाचा तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या पैशांतून चारही मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, त्यांची रबरे व बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे रबर), गरज असल्यास शॉक अॅब्सॉर्बर, व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत जुळवून घेणे, एवढे करून घ्यावे, आणि नूतनीकरणाचे शुल्क व पर्यावरण कर यांसाठी रक्कम राखून ठेवावी. भंगार बाजारातल्या जुन्या स्प्रिंगा स्वस्त पडतील, पण त्यांना पक्के बिल मिळत नाही, आणि आपल्याला स्प्रिंगांइतकीच बिलाचीही गरज आहे. या कामासाठी गाडी दुसऱ्या गॅरेजला टोइंग करून न्यावी.

या कामात एक गोष्ट हातून निसटली, तर तिसऱ्या प्रश्नातील आपला दावा जवळजवळ संपेल. काढलेल्या स्प्रिंगा मेकॅनिक भंगारात टाकतो, तशा त्या टाकू देऊ नयेत. गाडीवर असताना, नंबर प्लेट चौकटीत येईल असे फोटो काढावेत. मग काढताना व्हिडिओ घ्यावा, आणि चारही स्प्रिंगांना कोणत्या चाकाची ते लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधून त्या घरी जपून ठेवाव्यात. नव्या गॅरेजकडून बिलावरच ‘मूळ स्प्रिंगा कापलेल्या अवस्थेत आढळल्या, त्या काढून मालकाच्या ताब्यात दिल्या’ असे लिहून सही-शिक्का घ्यावा.

नोटिशीचे उत्तर मुदतीच्या आत, लेखी द्यावे आणि आवक शिक्का घेतलेली प्रत जवळ ठेवावी. तोंडी बोलून आलो, साहेब ‘बघू’ म्हणाले, यावर विसंबून राहिलेल्या माणसाचे नुकसान होताना मी पुष्कळदा पाहिले आहे. उत्तर लांब नसावे. ‘दिनांक अमुकच्या तपासणीत आढळलेला दोष मी दूर केला असून उत्पादकाच्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या आहेत. बिल व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. गाडीची फेरतपासणी करून नोटीस मागे घ्यावी आणि माझ्या प्रलंबित अर्जावर नोंदणीचे नूतनीकरण करावे’ एवढा मजकूर पुरे. गॅरेजवाल्याची तक्रार तेथे मांडू नये, कारण आरटीओपुढे जबाबदारी मालकाचीच असते. दुरुस्ती पंधरा दिवसांत होत नसेल, तर स्प्रिंगांच्या मागणीची पावती जोडून मुदतवाढ मागावी. कलम 53 खालचा आदेश मालकाचे म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लेखी नोंदवूनच काढता येतो. तरीही निलंबनाचा आदेश झाला, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येते. निलंबन सलग सहा महिने राहिले, तर कलम 54 प्रमाणे नोंदणी रद्द होऊ शकते, म्हणून आदेश आल्यावर गप्प बसू नये. मुदत संपण्यापूर्वी फेरतपासणी झाली नाही, तर नूतनीकरण होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवू नये. नूतनीकरण झाले की नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वैध राहील.

चलनाबाबत माझे मत ते भरावे असे आहे. त्या दिवशी गाडीत कापलेल्या स्प्रिंगा होत्या ही वस्तुस्थिती आहे आणि त्यावर प्रामाणिक बचाव नाही. कलम 200 खाली तडजोड रक्कम भरली, की त्या गुन्ह्याची पुढील कारवाई संपते. मात्र 2019 च्या दुरुस्तीनंतर, पुन्हा तोच गुन्हा घडल्यास हा आधीचा गुन्हा म्हणून धरला जातो, हे ध्यानात ठेवावे. भरल्याची पावती नोटिशीच्या उत्तराला जोडावी.

आता गॅरेजवाला. येथे आपली बाजू आपल्याला वाटते त्याहून बळकट आहे. गाडी खाली बसवण्याचे काम आपणच सांगितले होते, त्यामुळे ‘त्याने बेकायदा काम केले’ एवढ्यावर दावा उभा केला, तर ‘सांगितले कोणी?’ हा प्रश्न पहिल्याच तारखेला येईल. दावा वेगळ्या जागी उभा करावा. त्याने नवा सेट बसवतो असे लिहिले, त्याचे पैसे घेतले, तशी पावती दिली आणि प्रत्यक्षात जुन्याच स्प्रिंगा कापून बसवल्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि अनुचित व्यापारी प्रथाही आहे. सेटचे साडेनऊ हजार, मूळ स्प्रिंगांचा व दुरुस्तीचा खर्च, टोइंगचे बिल आणि मनस्तापाची वाजवी भरपाई मागावी. चलनाची रक्कम मात्र मागू नये. मालकाला त्याच्या जबाबदारीपोटी झालेला दंड दुसऱ्याकडून वसूल करायचा प्रयत्न केला, की बाकीच्या खऱ्या मागणीवरचा विश्वास कमी होतो.

आधी पोच मिळेल अशा टपालाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवावी. अशा प्रकरणांत पुष्कळदा तेथेच पैसे परत येतात. आले नाहीत, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करावी. तक्रारदार जेथे राहतो, तेथे ती दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. व्हॉट्सअॅपचा मजकूर पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे, आणि तोवर तो फोन विकू किंवा रीसेट करू नये. फसवणुकीची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात जाण्याची घाई करू नये. साडेनऊ हजारांच्या या व्यवहारात आयोगाचा मार्ग अधिक नेमका आहे.

आपण विचारले नाही, पण विम्याविषयी सांगणे माझे कर्तव्य आहे. पॉलिसी केवळ तृतीय पक्षाची असेल, तर अपघातात जखमी झालेल्या त्रयस्थाची भरपाई टाळण्यासाठी कंपनीला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 150 मधील मोजकेच बचाव घेता येतात. पॉलिसीत स्वतःच्या गाडीचे नुकसानही असेल, तर न कळवलेल्या फेरफाराचे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकते, आणि नोंदणीची मुदत संपलेली असल्यास अडचण आणखी वाढते. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नरिंदर सिंग यांच्या 2014 च्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून फेरतपासणीसाठी आरटीओत जाण्याच्या दिवशी नोंदणी आणि विमा, दोन्हींच्या तारखा तपासून निघावे. त्यांपैकी एकही उलटली असेल, तर त्या दिवशीही गाडी टोइंग करूनच न्यावी.