ह्यांना झोप नाही, दीरांना झोप नको

प्रश्न : डॉक्टर, चार महिने झाले, ह्यांना पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच, परत डोळा लागत नाही, दिवसभर चिडचिड, रविवारचे पोहे-जिलेबीपण नको म्हणतात. आमचे डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे. हे म्हणतात, डिप्रेशन-बिप्रेशन काही नाही, झोप झाली की सगळं ठीक होईल, आणि मेडिकलवाल्याकडून झोप आणणारी अल्प्राझोलमची गोळी आणून घेतात. कोणाचं खरं? माझे धाकटे दीर पंधरवडाभर तीन तासच झोपतायत, रात्री एकपर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत, मग लॅपटॉप, तरी सकाळी टवटवीत, दोन नव्या दुकानांसाठी लोनपण उचललं. सासूबाई ह्यांना म्हणतात, त्याच्याकडून शीक जरा!
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोघांचंही अर्धं-अर्धं खरं आहे. डिप्रेशनमध्ये पहाटे जाग येते, आणि नुसता निद्रानाश असला तरी पुढे डिप्रेशन व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो. आधी डॉक्टरही झोप न येण्याला नुसतं डिप्रेशनचं लक्षण धरायचे, २०१३च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) पासून आठवड्यात ३ रात्री असं ३ महिने चाललं तर तो वेगळा आजारच मानतात, म्हणजे इलाज दोन्हीचा सोबत करायचा. झोपेसाठी पहिला इलाज गोळी नाही, सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचा उपचार : झोप आली तरच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी उठायची वेळ एकच. अल्प्राझोलमची सवय लागते, पण एकदम बंदही करू नका हं, फिट येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. (चिठ्ठीशिवाय देणाऱ्या मेडिकलवाल्याला काय म्हणावं!)

आता दीर. खरं सांगू, मला त्यांची काळजी जास्त वाटतेय. निद्रानाशवाला झोपेसाठी तडफडतो आणि सकाळी गळून जातो, दीरांना झोप नकोच आहे, वर उत्साह, खर्च, मोठमोठे प्लॅन. पत्रावरून निदान होत नाही, पण हे मेनियाचं, म्हणजे अति उत्साहाच्या झटक्याचं, बायपोलर आजारातलं (ज्यात कधी मेनिया, कधी डिप्रेशन येतं) असू शकतं, तेव्हा ह्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे न्या आणि तोवर नव्या कागदांवर सह्या नकोत. येत नसतील तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर तुम्हीच फोन करून विचारा.

आणि दीरांचं हे सगळं तुमच्या मिस्टरांच्या डॉक्टरांनाही सांगाच. बायपोलर घराण्यात चालतो, आणि मिस्टरांचं डिप्रेशन त्यातलं निघालं तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी किंवा सीबीटी-आयमध्ये झोपेचे तास कमी करतात त्यानेही मेनिया उसळू शकतो, त्यामुळे औषध ठरवायच्या आधीच त्यांना हे कळायला हवं.