डिस्टोपियन कादंबऱ्यांचा, म्हणजे दडपशाहीचा भयाण काल्पनिक समाज रंगवणाऱ्या कादंबऱ्यांचा, वाचकावर खरंच टिकाऊ परिणाम होतो का, की चार दिवस भीती वाटून विसरायला होतं?

होतो. माझ्यावर झालाय, आणि त्यावरून नोकरीत भांडणही झालंय, म्हणून लिहिते आहे.

ऑरवेलच्या '१९८४'मधला बिग ब्रदर, सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, सगळ्यांना आठवतो. माझ्या डोक्यात बसलं ते कादंबरीच्या नायकाचं, विन्स्टन या सरकारी नोकराचं, रोजचं काम. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलायचा, म्हणजे सत्ताधारी पक्ष कधीच चुकलेला नसतो, आणि मूळ कागद भट्टीत. हे काम तो मन लावून करतो. त्याला त्यात आनंदही वाटतो! मला तेच सगळ्यात खुपलं.

पुढे एका बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे सहीला आलं. त्या बैठकीत मी एका खर्चाला हरकत घेतली होती आणि पहिल्या मसुद्यात ती नोंदवलेलीही होती. सहीच्या प्रतीत तारीख तीच, मुद्द्यांचे अनुक्रमांकही सलग. फक्त हरकत गायब आणि खाली 'सर्वानुमते मंजूर'. प्रत तयार करणारा सहकारी अगदी सज्जन माणूस. म्हणाला, "मॅडम, साहेबांनी सांगितलं म्हणून जरा नीटनेटकं केलं." मी सही केली नाही. जुना मसुदा जोडून लेखी कळवलं. तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "असल्या कादंबऱ्या वाचल्या की माणसाला जिकडेतिकडे कट दिसायला लागतात."

कट मी म्हटलंच नव्हतं. एक सरळमार्गी माणूस निमूटपणे ओळ काढून टाकतो, एवढंच मला दिसलं, आणि ते दिसायला पुस्तकाने शिकवलं होतं.

ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'चंच बघा. पुस्तकं जाळण्यावरची कादंबरी, आणि तिच्या १९६७च्या शालेय आवृत्तीत प्रकाशकांनीच गुपचूप शब्द आणि प्रसंग बदलले. लेखकाला ते कळलं विद्यार्थ्यांच्या पत्रांतून. वाचणाऱ्या मुलांनाच ती काटछाट खुपली, परिणाम म्हणतात तो हा.

समाजाचं म्हणाल तर थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी 'हंगर गेम्स' या कादंबऱ्या-चित्रपटांमधली बंडखोरांची तीन बोटांची सलामी उचलली, २०२१मध्ये ती म्यानमारच्या रस्त्यांवर दिसली. अमेरिकेत ॲटवुडच्या 'हँडमेड्स टेल'मधल्या, सक्तीने मुलं जन्माला घालायला लावलेल्या बायकांसारखे लाल झगे घालून बायका गर्भपाताच्या कायद्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. यावर कुणीतरी सविस्तर लिहीलच.

वाचणारा प्रत्येक जण धीट होतो असं मात्र नाही. दर नव्या नियमाला हुकूमशाही म्हणत सुटणारेही हीच पुस्तकं वाचलेले असतात.

वाचणार असाल तर कुठलं भाकीत खरं ठरलं ते मोजत बसू नका. त्यातली साधी नोकरदार माणसं काय करतात ते बघा. आणि कुणी 'निराशावादी वाचू नका' म्हणालं तर स्वतः काय वाचलंय ते त्याला विचारा. आमच्या साहेबांनी यातलं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. माझ्या हरकतीत खर्चाचे आकडे होते. ते चूक आहेत असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही.